हिमालयाची थकबाकी

उत्तराखंडात किंवा नेपाळात साडेचार-पाच तीव्रतेचा धक्का बसतो, दिल्लीत लोक जिने उतरून रस्त्यावर येतात, आणि दुसऱ्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडते : 'बरे झाले, तेवढाच ताण मोकळा झाला.' हे वाक्य चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांच्या तोंडी असते. वाहिन्यांवरच्या चर्चेत असते. कधी कधी तर भूगोलाच्या वर्गातही असते. त्यामागे एक सबंध विचार उभा आहे, आणि त्याला उत्तर द्यायचे तर आधी तो त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडला पाहिजे.

पूर्वपक्ष असा. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकतो, आशियाला रेटतो, खडकांत ताण साठतो, हे सर्वांना मान्य. पण हिमालयात लहान-मध्यम भूकंप सतत होतच असतात आणि प्रत्येक भूकंप थोडा ताण मोकळा करतो. साठवण आणि निचरा दोन्ही बरोबरच चालू आहेत. तेव्हा 'महाभूकंप येणार' ही ओरड अतिरंजित आहे. राहता राहिला उपग्रहांचा पुरावा. तर ज्या जीपीएसला आपण रस्त्याच्या डाव्या अंगाला उभे आहोत की उजव्या, हे मोबाइलवर धड सांगता येत नाही, ते पर्वताची वर्षाकाठची मिलिमीटरभर हालचाल काय सांगणार? आणि समजा सांगितलीच, तरी मोजणी तीस वर्षांची आणि पर्वत पाच कोटी वर्षांचा. एवढ्याशा नमुन्यावरून पर्वताचा स्वभाव ठरवणे हे शास्त्र कसले, हे तर धाडस.

यातली सुटी विधाने बहुतेक खरी आहेत. चूक आहे ती परिमाणांची. आणि परिमाणांचा वाद मोजमापानेच मिटतो.

पण त्याआधी स्वतःच्या अंगणातला कचरा काढतो. भूकंपाची भीती घालणारी मंडळीही एक आकडा बेलाशक फेकत असतात : भारत वर्षाला ५ सेंटिमीटर सरकतो, म्हणून हिमालयात वर्षाला ५ सेंटिमीटरचा दाब साठतो. आकडा खरा आहे. तो भलत्याच प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरला जातो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत एक जीपीएस केंद्र नव्वदच्या दशकापासून अखंड चालू आहे. पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेल्या जागतिक चौकटीत पाहिले, तर हे केंद्र वर्षाला सुमारे ३५ मिलिमीटर उत्तरेला आणि ४२ मिलिमीटर पूर्वेला जाते. दोन्ही मिळून ईशान्येच्या अंगाने साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. तो प्रसिद्ध आकडा हाच. पण ल्हासा तरी कुठे जागेवर आहे? तिथले केंद्र त्याच चौकटीत वर्षाला सुमारे १५ मिलिमीटर उत्तरेला आणि ४६ मिलिमीटर पूर्वेला सरकते. आता वजाबाकी करा. पूर्वेकडची चाल दोघांची जवळपास सारखी. तिच्याने पर्वत दाबला जात नाही. उत्तरेकडच्या ३५ मधून १५ गेले, उरले २०. बंगळुरू आणि ल्हासा यांच्यातले उत्तर-दक्षिण अंतर वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने घटते. ५ नव्हे. आणि बंगळुरू-हैदराबाद हे अंतर जवळजवळ बदलतच नाही, म्हणजे हे आक्रसणे दख्खनमध्ये होत नाही. ते बहुतांशी हिमालयातच होते.

हा काही घरगुती हिशेबच आहे असे नाही. रॉजर बिल्हॅम, क्रिस्टिन लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये नेपाळ हिमालयातली पहिली भक्कम मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा आकडा २० मिलिमीटरच्या आसपासच आला होता. पुढे केंद्रे वाढली, वर्षे वाढली. मध्य आणि पूर्व नेपाळात १८, पश्चिम नेपाळात २०, वायव्य हिमालयात १४ असे थोडे खालीवर झाले. उरलेली रक्कम हिमालयाच्या पलीकडे खर्ची पडते. तिबेट पूर्व-पश्चिम ताणला जातो, त्याचा पूर्वेकडचा भाग युन्नानच्या दिशेने वळसा घेतो, आणि पार उत्तरेला किरगिझस्तानातली तिएन शान रांग पश्चिम भागात वर्षाला सुमारे २ सेंटिमीटरने आक्रसते. हेही जीपीएसने १९९६ सालीच दाखवले. ५ सेंटिमीटर म्हणणारा माणूस किरगिझस्तानचे कर्ज हिमालयाच्या खात्यावर चढवतो. ते आम्ही सोडून देतो. हिमालयाच्या नावावर दीड ते दोन सेंटिमीटर, एवढेच आमचे म्हणणे.

आता मोबाइलचा आक्षेप.

जीपीएसचे उपग्रह २०,००० किलोमीटरहून अधिक उंचीवरून फिरतात आणि रेडिओलहरी पाठवत राहतात. त्या लहरीवर एक सांकेतिक खूण चढवलेली असते. मोबाइल ती खूण वाचतो. खुणेचा एकेक टप्पा सुमारे २९३ मीटर लांबीचा. त्यातून काही मीटरांपर्यंत जागा कळली, हेच पुष्कळ. भूमापक मात्र खुणेवर थांबत नाही. खूण वाहून नेणारी मूळ लहर तो मोजतो. तिची लांबी १९ सेंटिमीटर, आणि एका लहरीचा शंभरावा हिस्सा ओळखता येतो. १९ सेंटिमीटरचा शंभरावा हिस्सा म्हणजे २ मिलिमीटर. वर दुसरी, २४ सेंटिमीटरची लहर असते. वातावरणाच्या विद्युत्भारित थरात दोन्ही लहरी वेगवेगळ्या प्रमाणात रेंगाळतात, त्यामुळे तिथली चूक पकडून वजा करता येते. अँटेना खडकात छिद्र पाडून रोवलेली असते. रात्रंदिवस, वर्षानुवर्षे ती तिथून हलत नाही. हलतो तो खडक. खिशातल्या फोनशी तिची तुलना करणे म्हणजे दोघांनाही जीपीएस म्हणतात एवढ्यावरून निवाडा देणे झाले.

आणि इतिहासाची एक साक्ष आहे, तिच्याकडे प्रतिपक्ष बघतच नाही. २ मे २००० पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. सामान्य ग्राहकाची जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. नेपाळचा तो निबंध १९९७ चा. म्हणजे बाजारातले यंत्र शंभर मीटर चुकत होते त्याच दिवसांत, त्याच उपग्रहांवरून, मिलिमीटरांचा हिशेब चालू होता. मोबाइलच्या अचूकतेवरून भूमापनाची अचूकता ठरत असती तर हे कसे जमले?

एक खरी अडचण मात्र आक्षेपकांनी मांडल्याचे माझ्या ऐकण्यात नाही, म्हणून मीच मांडतो. पावसाळ्यात गंगेच्या खोऱ्यात प्रचंड पाणी साठते. त्या ओझ्याने भूकवच खाली दबते आणि हिमालयातली केंद्रे दर वर्षी काही मिलिमीटर पुढेमागे होतात. एका वर्षी जूनमध्ये मोजले आणि दुसऱ्या वर्षी डिसेंबरमध्ये, तर पाण्याचे वजन पर्वताच्या चालीत मिसळून जाईल. सुरुवातीच्या मोहिमांना हा धोका खरोखर होता. अखंड चालणारी केंद्रे आली आणि हा वार्षिक हेलकावा वेगळा काढता आला. त्यातून आणखी एक गोष्ट हाती लागली : नेपाळातल्या लहान भूकंपांची संख्या हिवाळ्यात पावसाळ्यापेक्षा जास्त असते. पाण्याचे ओझे उतरल्याचा परिणाम खडकांना जाणवतो आणि मोजणाऱ्यालाही दिसतो. ज्या साधनाला पावसाचे वजन कळते, त्याला पर्वत कळत नाही म्हणायचे?

मोजमापातली विसंगती पुढे शास्त्राच्या कामी यावी, हे हिमालयाच्या बाबतीत नवीन नाही. जॉर्ज एव्हरेस्टच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात कलियाना आणि कलियानपूर या दोन ठिकाणांमधल्या अक्षांशाच्या फरकाला तारे पाहून एक आकडा आला, जमिनीवर मोजून दुसरा. तफावत ५.२३६ विकलांची. ओळंब्याला हिमालय आपल्याकडे ओढत असणार हे उघड होते. आर्चडीकन प्रॅट यांनी १८५५ साली गणित केले, तर ओढ जवळजवळ तिप्पट, १५.८८५ विकला निघायला हवी होती. पर्वत दिसतो त्यापेक्षा हलका निघाला. या कोड्यातूनच पर्वतांना खोल, हलकी मुळे असतात हा जॉर्ज एअरी यांचा विचार पुढे आला. पाच विकलांची तफावत 'उपकरणाची चूक' म्हणून झटकली असती, तर केवढे ज्ञान हुकले असते!

मूळ मुद्द्याकडे येतो. वर्षाला २ सेंटिमीटर जवळ येणे म्हणजे २ सेंटिमीटर साठणे असे आपोआप ठरत नाही. हे प्रतिपक्षाचे म्हणणे रास्त आहे आणि आमच्या बाजूचे अनेक लेखक ही पायरी गाळूनच पुढे जातात. हिमालयाच्या खाली भारताचा भूपट्ट हलक्या उताराने उत्तरेकडे शिरतो. ज्या भ्रंशावरून तो शिरतो, तो भ्रंश शिवालिकच्या पायथ्याशी, तराईच्या कडेला, जमिनीवर येतो. हा भ्रंश निमूटपणे घसरत असेल तर साठवण शून्य. अडकला असेल तर सगळीच्या सगळी साठवण. मग खरे काय, हे ठरवायचे कसे?

केंद्रांची एक रांग घ्या : तराईतल्या बीरगंजपासून काठमांडूवरून तिबेटच्या सीमेपर्यंत. भ्रंश मोकळा असता, तर पायथ्याच्या रेषेच्या दोन बाजूंच्या केंद्रांमध्येच सगळा फरक दिसला असता. बीरगंज आणि काठमांडू वर्षाला २ सेंटिमीटर जवळ आले असते आणि काठमांडूच्या उत्तरेला काहीच घडले नसते. प्रत्यक्षात उलटे दिसते. बीरगंज ते काठमांडू अंतर फार थोडे घटते. आक्रसणे मुख्यतः काठमांडूच्या उत्तरेला, हिमशिखरांच्या पायथ्याच्या पट्ट्यात, हळूहळू वाढत जाताना दिसते. याचा अर्थ लावायला एकच वाट आहे. पायथ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आतपर्यंत भ्रंशाच्या दोन्ही बाजू एकमेकींत रुतून बसल्या आहेत. त्याच्या खाली, जिथे खडक तापून मऊ पडतो तिथे, भारत विनाआवाज घसरतो आहे. खालचा भाग सरकतो, वरचा सरकत नाही, आणि दोन्हींतला फरक वरच्या खडकात वाकण्याच्या रूपाने साठतो. याच रस्त्यावर समतलनाची जी जुनी, उपग्रहांशी संबंध नसलेली मोजणी झाली होती, तिच्यातही जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जाताना दिसते, आणि ती नेमकी याच पट्ट्यात. दोन साक्षीदार, एकमेकांना न भेटलेले. साक्ष एकच.

आणि लहान भूकंप? नेपाळच्या भूकंपमापकांनी टिपलेल्या सूक्ष्म भूकंपांचा नकाशा पाहा. ते हिमालयभर विखुरलेले नाहीत. त्यांचा एक अरुंद पट्टा आहे, आणि तो अडकलेल्या भागाच्या उत्तरेकडच्या काठावरून जातो. जिथे अडकलेला खडक आणि घसरता खडक यांची गाठ पडते, जिथे ताण सर्वांत वेगाने वाढतो, तिथेच हे धक्के बसतात. प्रतिपक्ष ज्याला निचरा म्हणतो, ती साठवणीची खूण आहे.

तीस वर्षांच्या नमुन्याचा आक्षेप मला सर्वांत आदरणीय वाटतो, कारण तो विचारपूर्वक केलेला आहे. त्याचे उत्तर दक्षिण नेपाळातल्या नद्यांच्या काठी आहे. बागमती आणि बकैया या नद्या शिवालिकच्या पहिल्या घडीला चिरून मैदानात उतरतात. घडी उचलली जाते, नदी खोल चिरत जाते, आणि नदीचे जुने काठ पायऱ्यांसारखे वर अडकून राहतात. पायरी किती उंच आहे हे मोजता येते. तिच्या गाळातल्या कोळशाचे वय काढता येते. जेरोम लावे आणि जां-फिलिप अवुआक यांनी हे काम केले आणि २००० साली प्रसिद्ध केले. गेल्या सुमारे दहा हजार वर्षांत पायथ्याचा भ्रंश सरासरी वर्षाला २१ मिलिमीटर सरकला आहे.

उपग्रह म्हणतात १८ ते २०. नदीकाठ म्हणतात २१. एक घड्याळ तीस वर्षांचे, दुसरे दहा हजार वर्षांचे; एक विजेवर चालणारे, दुसरे गाळावर. दोन्ही जवळजवळ एकच वेळ दाखवतात. नमुना छोटा आहे या आक्षेपात आता किती जीव उरला, ते वाचकांनी ठरवावे.

पण या दोन आकड्यांतून त्याहून मोठी गोष्ट निघते. दहा हजार वर्षांत पायथ्याचा भ्रंश वर्षाला २१ मिलिमीटर या सरासरीने हलला. आज तोच भ्रंश उपग्रहांच्या नजरेखाली जवळपास हलतच नाही. दोन्ही मोजण्या खऱ्या. मग तो हलतो कधी? मधल्या काळात रोज थोडाथोडा हलत असता तर आजही हलताना दिसला असता. तो दिसत नाही, तरी एकूण अंतर पुरे कापलेले आहे. याला उत्तर एकच : तो झेपा घेतो, आणि दोन झेपांच्या मधे शतके जातात. मोठे भूकंप ही इथे कोणाची भविष्यवाणी नाही. दोन मोजमापांची बेरीज जुळवायची तर ते मानावेच लागतात.

आता प्रतिपक्षाचा गाभा : लहान भूकंप हे देणे फेडतात. पाटीवर मांडू. हिमालयाची लांबी २,००० किलोमीटर धरा, अडकलेला पट्टा १०० किलोमीटर रुंद, वर्षाची साठवण १८ मिलिमीटर. खडकाच्या ताठरपणाचा सर्वमान्य आकडा घेऊन गुणाकार केला, तर दर वर्षी सबंध हिमालयात ७.३ तीव्रतेच्या एका भूकंपाइतकी साठवण होते. खरी लांबी २,००० हून जास्त आहे, म्हणजे हा हिशेब प्रतिपक्षाला झुकते माप देऊनच केलेला आहे. तीव्रतेची मोजपट्टी साध्या पायऱ्यांची नसते. एक अंक वाढला की मोकळी होणारी ऊर्जा सुमारे ३२ पट, दोन वाढले की हजार पट. तेव्हा एका वर्षाची साठवण ५ तीव्रतेच्या भूकंपांनी फेडायची म्हटली, तर असे सुमारे तीन हजार भूकंप लागतील. रोज आठ. सकाळ-संध्याकाळ, सणवार न पाहता, दर वर्षी. ५ तीव्रतेचा एक भूकंप झाला तरी आपल्याकडे वृत्तपत्रात बातमी होते. रोज आठ बातम्या कोणी वाचल्या आहेत? आणि ज्या चार-साडेचारच्या धक्क्यानंतर 'ताण मोकळा झाला' म्हणतात, त्यांचा भाव तर याहून कितीतरी कमी. व्याजाचा अंशही फिटत नाही, मुद्दल तसेच.

इथे एखादा अभ्यासू प्रतिपक्षी विचारील : लहान सोडा, मोठे धरा. १९०५ चा कांगडा, १९३४ चा बिहार-नेपाळ, १९५० चा आसाम. हे मिळवले तर? प्रश्न चोख आहे. १५ ऑगस्ट १९५० रोजी अरुणाचल-तिबेट सीमेवर झालेला भूकंप एवढा प्रचंड होता, की त्या शतकात सबंध हिमालयात झालेल्या साठवणीचा मोठा वाटा एकट्या त्याच्या नावे जमा करता येतो. कागदावर खाते बरेचसे जुळते. पण कोणाच्या खात्यात? अरुणाचलात भ्रंश सरकला म्हणून कुमाऊँतला खडक सैल होत नाही. दोन्हींमध्ये हजाराहून अधिक किलोमीटर अंतर आहे. ज्याने फेडले त्याचे फिटले. बिल्हॅम आणि निकोलस अँब्रेसीस यांनी २००५ साली बंगळुरूच्या 'करंट सायन्स'मध्ये इसवी सन १५०० ते २००० या काळातल्या ज्ञात भूकंपांची बेरीज केली. त्या भूकंपांतून मोकळी झालेली घसरण जीपीएसने मोजलेल्या चालीच्या एक तृतीयांशाहूनही कमी भरली. शतकाचे खाते एका नोंदीने फुगले होते. पाच शतकांचे उघडले आणि थकबाकी बाहेर आली.

२५ एप्रिल २०१५. शनिवार, नेपाळात सुट्टीचा दिवस, दुपारी बाराला चार मिनिटे कमी. बारपाकजवळ सुरू झालेला ७.८ तीव्रतेचा भंग पूर्वेकडे सुमारे १४० किलोमीटर धावला. सुमारे नऊ हजार माणसे गेली. मोजमापाच्या दृष्टीने या भूकंपाचे वेगळेपण असे, की उपग्रह-केंद्रे थेट भंगाच्या डोक्यावर होती आणि सेकंदाला पाच वेळा नोंद करत होती. काठमांडूच्या उत्तरेला काकनीच्या टेकडीवरचे केंद्र काही सेकंदांत दीड-दोन मीटर दक्षिणेला फेकले गेले आणि मीटरभर उचलले गेले. वर्षानुवर्षे उत्तरेला रेटली गेलेली जमीन एका झटक्यात दक्षिणेला परतली. अडकलेला भ्रंश सुटला तर जे व्हायला हवे, तेच झाले. काठमांडूचे खोरे सुमारे मीटरभर वर आले, आणि उत्तरेकडची उंच शिखरे खाली बसली. पर्वत रोज थोडाथोडा सर्वत्र वाढत असतो असे मानणाऱ्यांना हे विचित्र वाटेल. पण दोन भूकंपांच्या मधे शिखरांचा पट्टा उचलला जातो आणि भूकंपात पायथ्याच्या बाजूचा, ही त्या यंत्रणेची सरळ फलश्रुती आहे. केंद्रांनी काठमांडूच्या गाळाचे चार-पाच सेकंदांच्या लयीत डोलणेही टिपले. उंच धरहरा मनोरा कोसळला आणि त्याच शहरातली बरीचशी बुटकी घरे वाचली, याचे कारण या लयीत सापडते.

मग हिशेब? काठमांडूजवळचा आधीचा मोठा भूकंप १८३३ चा. मधली १८२ वर्षे गुणिले १८ मिलिमीटर म्हणजे सव्वातीन मीटरच्या वर. २०१५ मध्ये भ्रंश सरासरी तीन ते चार मीटर सरकला. हा मेळ फार ताणू नये. १८३३ चा भंग नेमका कुठवर गेला होता हे ठाऊक नसताना तो पुरावा म्हणून ठोकणे बरे नव्हे. पण आकडा विरुद्ध बाजूचाही नाही, एवढे म्हणायला हरकत नाही.

२०१५ नंतर जुन्या मताचा नवा अवतार आला : 'झाला की मोठा भूकंप, आता नेपाळ निर्धास्त.' तो भंग जमिनीपर्यंत पोचलाच नाही. काठमांडूच्या खाली थांबला. तिथून दक्षिणेला पायथ्यापर्यंतचा भ्रंश अजून रुतलेला आहे. आणि पश्चिमेला? पश्चिम नेपाळपासून कुमाऊँपर्यंतच्या पट्ट्यात १५०५ च्या भूकंपानंतर तसा प्रचंड भूकंप नोंदला गेलेला नाही. १८०३ चा गढवालचा भूकंप मोठा होता, दिल्लीतल्या कुतुबमिनारालाही त्याने इजा केली. त्याच्या पट्ट्यात त्याने काही देणे फेडले असणार. १९९१ चा उत्तरकाशी आणि १९९९ चा चमोली हे सात तीव्रतेच्याही आतले. पाचशे वर्षे गुणिले १८ मिलिमीटर, नऊ मीटर. १८०३ चे तीन-चार मीटर वजा घालायचे तर घाला.

आमच्या बाजूची मर्यादा लपवत नाही. जीपीएस तारीख सांगत नाही. या दशकात की पुढच्या शतकात, हे कोणत्याही केंद्राच्या नोंदीत लिहिलेले नसते, आणि तारीख सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. दुसरी मर्यादा मराठी वाचकाला अधिक जवळची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी उद्ध्वस्त झाली. दख्खनचे पठार एकसंध सरकते, आतून जवळपास आक्रसत नाही, असे मी वर म्हटले. मग किल्लारी कशी? जिथे वर्षाची विकृती मिलिमीटरच्याही लहानशा अंशाची असते, तिथे साठवण हजारो वर्षे चालते आणि तीस वर्षांच्या मोजणीला ती दिसत नाही. किल्लारीबाबत जीपीएस मुके आहे. हिमालयाबाबत नाही. एका ठिकाणचे मौन दुसऱ्या ठिकाणच्या साक्षीविरुद्ध वापरता येत नाही.

प्रतिपक्षाला हा खटला अजूनही जिंकता येईल. हिमालयाचा पायथ्याचा भ्रंश निमूटपणे घसरतो आहे, एवढे दाखवले की पुरे. असे घसरणारे भ्रंश जगात आहेत. कॅलिफोर्नियात हॉलिस्टर गावातले फुटपाथ आणि कुंपणे अशा घसरणीने वर्षानुवर्षे वाकडी होत गेली आहेत, कोणीही जाऊन पाहावीत. आपल्याकडे लक्सरहून हरिद्वारमार्गे देहरादूनला जाणारी रेल्वे १९०० साली पूर्ण झाली. ती मैदानातून निघून शिवालिकमध्ये शिरते, म्हणजे ही भ्रंशरेषा ओलांडतेच. भ्रंश वर्षाला १५ मिलिमीटरने घसरत असता, तर सव्वाशे वर्षांत त्या मार्गाची लांबी जवळजवळ दोन मीटरने घटली असती, आणि एका ठराविक जागी रूळ पुन्हा पुन्हा वाकत राहिले असते. ती जागा दाखवावी. किंवा रेषेच्या दोन बाजूंना दोन अँटेना रोवाव्यात आणि पाच वर्षे थांबावे. प्रतिपक्ष बरोबर असेल तर त्यांच्यातले अंतर साडेसात सेंटिमीटरने घटलेले दिसेल. फार लांब जायला नको. देशाचा सर्वेक्षण विभाग आणि वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था, दोन्ही देहरादूनलाच आहेत, त्याच रुतलेल्या खडकाच्या पाठीवर.